भिंतीपलीकडची खुर्ची

आमच्या संस्थेत त्याला सगळे पुटपुटे म्हणतात, आणि हे नाव मीच ठेवलेलं आहे. मी तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो, तो दुसऱ्या मजल्यावर लेसरच्या खोलीत असतो. फार पूर्वी एकदा त्याच्यासाठी पितळी ठोकळा करून वर नेला, तर दारावर लाल दिवा लागलेला आणि आत कुणाची तरी समजूत काढणं चाललेलं. जरा डावीकडे, अजून थोडं, शहाणा माझा, आता हलायचं नाही हां. मला वाटलं, यानं आज भाच्याला बरोबर आणलंय की काय. दिवा बंद होऊन दार उघडलं तेव्हा आत हा एकटाच होता, आणि ज्याचे लाड चालले होते तो एक स्क्रू होता.

बाहेर मात्र तोंडाला कुलूप. चहाला बसला की कपात बघत राहणार. मी घरचं, दारचं, राजकारणाचं सगळं सांगून दमलो की एकदा ‘हं’ म्हणणार. माझा स्वभाव तापट, मला अशा माणसाचा फार राग येतो. कित्येकदा ठरवलं की उद्यापासून याच्याबरोबर चहा बंद. दुसऱ्या दिवशी परत त्याच्याच टेबलावर जाऊन बसायचो, कारण बाकीचे सगळे माझ्याहून जास्त बोलतात.

त्याचं काम हिऱ्याचं. हिरा म्हटल्यावर डोळ्यांसमोर अंगठी आली असेल तर ती काढून टाका. हा हिरा तांदळाच्या दाण्याहून लहान, चपटा, फिकट गुलाबी. माझ्या आईला जमिनीवर सापडला असता तर तिनं काच समजून केरात टाकला असता. हिऱ्यात कार्बनचे अणू शिस्तीत रांगा लावून बसलेले असतात. कुठे कुठे एखादा अणू नसतोच, आणि त्या रिकाम्या जागेला लागून एक नायट्रोजनचा अणू घुसलेला असतो. एवढीच ती खोट. सोनार असल्या हिऱ्याला नाक मुरडेल, आमच्याकडे तो त्या खोटीसाठीच आणला होता. त्याच्यावर हिरवा लेसर सोडला की त्या रिकाम्या जागेतून लाल उजेड येतो. मग शेजारच्या तांब्याच्या तारेतून रेडिओसारख्या लहरी सोडायच्या. लहरी एका ठरावीक सुरावर आल्या की तो लाल उजेड किंचित मंद होतो. जवळपास लोखंड किंवा चुंबक आलं की हा सूर सरकतो. किती सरकला ते लाल उजेड मोजून काढायचं आणि पडद्यावर त्याची रेघ काढायची, हे झालं पुटपुट्याचं काम. थोडक्यात, लोखंडाचा वास लागणारा हिरा.

म्हणून त्या खोलीत लोखंड चालत नाही. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, सगळं दाराशी काढून ठेवायचं. माझ्या खिशात पाना असला तर मला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचा. खोलीला खिडकी नाही, भिंती काळ्या, मधोमध हवेच्या पायांवर तरंगणारं मोठं टेबल आणि त्यावर भिंगं-आरसे. हिऱ्याचा उजेड इतका बारीक की बाहेरचा उजेड आत आला तर मोजणी वाया. शिवाय लेसर डोळ्यात गेला तर डोळा गेला. त्यामुळे लाल दिवा चालू असताना दार उघडायचं नाही, हा नियम. आमच्या विभागाच्या प्रमुख, मोठ्या मॅडमसुद्धा दिवा बघून मागे फिरायच्या. एकदा त्यानं मला नारिंगी चष्मा चढवून आत उभं केलं होतं. त्या चष्म्यातून हिरवं काही दिसत नाही. अंधारात फक्त टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसला. मी म्हटलं, एवढ्यासाठी दिवसभर कोंडून घेतोस? तो म्हणाला, हं.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका औषधांच्या दुकानात सकाळपाळीला होत्या. पाळी संपली की डबा घेऊन बारा वाजता आमच्या इमारतीत यायच्या. दोघं जिन्याच्या पायरीवर बसून जेवायचे आणि मग त्या घरी जायच्या. मूलबाळ नव्हतं. मी जाता-येता बघायचो, तर जेवण मुकाट्यानं चाललेलं असायचं. वहिनी डबा उघडणार, हा खाणार, त्या डबा बंद करणार. मी एकदा चिडवलंही, की वहिनी, याच्याशी संसार करण्यापेक्षा रेडिओ आणला असता तर निदान बातम्या तरी कळल्या असत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बोलतात ते, खूप बोलतात. मला वाटलं, नवऱ्याची बाजू सांभाळताहेत बिचाऱ्या.

दुपारची मोजणी कधी लवकर आटपायची, कधी रेंगाळायची. मोजणी संपली की तो लाल दिवा बंद करायचा, मग लेसर झाकायचा, हिऱ्यावर टोपण घालायचा, चष्मा जागेवर ठेवायचा आणि सावकाश दार उघडायचा. वहिनी दारात उभ्या असायच्या. फार वेळ झाला का, एवढं एक वाक्य तो रोज बोलायचा. ‘नाही हो, आत्ताच आले,’ वहिनी रोज म्हणायच्या. हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय की त्यांची नक्कल करून दाखवू शकतो.

आता मुख्य गोष्ट. त्या पडद्यावरची रेघ दिवसभर सरळ जायला हवी. सकाळी जायचीही. पण दुपारी बारा वाजले की ती उचलली जायची, फुगा आल्यासारखी, आणि लाल दिवा बंद केला की थोड्याच वेळात परत खाली बसायची. रोज. पुटपुट्यानं विचार केला, की दिवा बंद केल्यावर जातोय म्हणजे भानगड दिव्याच्या तारेत आहे. तार बदलली. दिवा बदलला. दिव्याची पेटी तर इतक्यांदा उघडली की तिच्या झाकणाचे आटे गेले आणि ते मला परत पाडून द्यावे लागले. मग बारा वाजता पाण्याचा पंप सुरू होतो म्हणून पंपावर संशय. मग लिफ्टवर. कॉरिडॉरच्या टोकाला वॉचमनची लोखंडी खुर्ची असते, तीसुद्धा त्यानं तपासली. ती तिच्या जागेवरून हिऱ्याला जाणवतच नव्हती. शेवटी मॅडम त्याला म्हणाल्या, काका, कारण जाऊ द्या, फुगा रोज सारखाच उंच असतो ना, मग वजा करून टाका. त्यानं कंप्युटरला शिकवलं, की बारा वाजल्यापासून दिवा बंद होऊन जरा वेळ जाईपर्यंत एवढं वजा करायचं. रेघ सरळ झाली. पुढची काही वर्षं सरळच राहिली. कधी वहिनी आजारी पडल्या, तर तोही रजा टाकून घरी थांबायचा, त्यामुळे त्या दिवशी मोजणीच नसायची.

मग वहिनी गेल्या. ताप काय आला, दवाखान्यात काय नेलं, आठवड्याभरात सगळं संपलं. मी सोबत होतो. तो रडला नाही, बोलला नाही. मला उगाचच त्याचा राग आला. वाटलं, निदान आज तरी तोंड उघड रे बाबा.

रजा संपवून तो कामावर आला त्याच दिवशी बारा वाजता पडद्यावरची रेघ खाली गेली. फुगा नव्हे, आता खड्डा. दुसऱ्या दिवशी परत तसाच. हे दिवस फार वाईट निघाले, कारण मॅडमनी हे यंत्र बघायला बाहेरच्या लोकांना बोलावलं होतं. त्यांना पटलं तर काम पुढे चालणार होतं. नाही पटलं तर हिरा दुसऱ्या संस्थेकडे जाणार, खोलीला टाळं लागणार आणि पुटपुट्याची बदली सामानाच्या कोठारात होणार. मॅडम वाईट नाहीत, त्यांनी हे त्याला समोर बसवून मऊपणानं सांगितलं. पण मला कळत होतं की या माणसाचं घर आता रिकामं आहे. ती काळी खोली तेवढी उरली आहे. तीही गेली तर हा कोठारात खोके मोजत बसेल आणि एक दिवस तिथेच विरून जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही.

त्यानं शोधाशोध सुरू केली. पंप बंद ठेवून पाहिला, लिफ्ट थांबवून पाहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी जिने चढताना त्याचा उद्धार केला. मग त्याला वाटलं टेबलावरच्या स्क्रूंमध्ये कुठेतरी पोलाद राहिलंय. माझ्याकडे आला आणि म्हणाला, सगळे पितळेचे करून दे. मी आठवडाभर बसून पितळेचे स्क्रू पाडत होतो. शिव्या घालत पाडले, पण पाडले.

ते घेऊन मी दुपारी वर गेलो तर लाल दिवा चालू. माझी कंबर आधीच धरली होती. वॉचमन कुठेतरी गेला होता, खुर्ची रिकामी होती. ती उचलून दाराजवळ आणली. दारालगतच्या भिंतीपाशी फरशीवर चार ठिकाणी घासल्याच्या खुणा होत्या. खुर्चीचे पाय त्यावर बरोबर बसले, म्हणून तिथेच टेकलो. भिंतीला पाठ लावली तशी आतून त्याची पुटपुट ऐकू यायला लागली. त्या दिवशी तो स्क्रूशी बोलत नव्हता. काय बोलत होता ते मी इथे सांगणार नाही, ते त्याचं आहे. मी कान बाजूला घेतला, पण भिंत पातळ होती.

एवढ्यात आतलं बोलणं थांबलं आणि दार धाडकन उघडलं. दिवा चालू, आत हिरवा लेसर चालू, यानं चष्मा कपाळावर चढवलेला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी घाबरून डोळ्यांवर हात घेतला.

‘कोण आलंय?’ त्यानं विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी म्हटलं, अरे मी, कोण येणार. तो माझ्याकडे बघतच नव्हता. खुर्चीकडे बघत होता, मग खुर्चीच्या पायांखालच्या त्या खुणांकडे. मागे, आत पडद्यावर, रेघ सरळ झाली होती. बारा वाजून गेले होते आणि खड्डा भरला होता.

तेवढ्यात वॉचमन आला आणि खुर्ची बघून म्हणाला, तुम्हीपण इथेच बसायला लागला का, ताई इथेच बसायच्या. पुटपुटे त्याला काही विचारीना, म्हणून मीच विचारलं. वॉचमन म्हणाला, ‘ताई रोज बाराला यायच्या, खुर्ची इथवर आणायच्या आणि भिंतीला डोकं टेकून बसायच्या. आत साहेब बोलतात ते ऐकत. म्हणायच्या, घरी नाही बोलत, इथे किती बोलतात बघा. दिवा बंद झाला की माझी खुर्ची परत जागेवर ठेवायच्या आणि दारात जाऊन उभ्या राहायच्या.’

मी पुटपुट्याकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. हा माणूस आत लोखंडाची किल्ली येऊ देत नव्हता. खुर्ची कॉरिडॉरच्या टोकाला असताना त्यानं मोजली होती. ती रोज दुपारी उठून भिंतीपाशी येते, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, कारण दार उघडलं की ती परत टोकाला असायची आणि त्याची बायको आत्ताच आलेली असायची.

उपाय आता सोपा होता. कंप्युटरला शिकवलेली ती वजाबाकी काढून टाकली की खड्डा जाणार. मी ते त्याला त्याच दिवशी सांगितलं. तो हं म्हणाला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता वर जाऊन बघतो तर हा स्वतःच खुर्ची भिंतीपाशी घेऊन बाहेर बसलेला, मांडीवर बाहेरून आणलेला डबा, न उघडलेला. आत रेघ सरळ. तिसऱ्या दिवशीही तेच. मॅडमना त्यानं सांगितलं, की खड्डा गेला. मॅडम खूश. पाहुणे यायची तारीख जवळ आलेली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे काय चालवलंयस? पाहुणे आत उभे असताना तू बाहेर खुर्चीवर बसणार? आणि पुढे जन्मभर रोज? आणि उद्या दुसरं कुणी मोजणीला बसलं तर? एक ओळ पुसायची आहे, दोन मिनिटांचं काम.

त्यानं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाला, ‘कंप्युटर रोज बाराला तिच्यासाठी जागा धरतो. ते एवढंच राहिलंय. तेही मीच पुसू?’

मला रडू यायच्या आधी राग येतो. मी चढ्या आवाजात म्हटलं, ‘अरे, ती ओळ म्हणजे वहिनी नव्हे. त्या ओळीनं वहिनींना पुसलंय. रोज येत होत्या, रोज तू त्यांना वजा करत होतास.’ बोलून गेलो आणि जीभ चावली. मला वाटलं आता हा माझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. तसाही तो कुठे फारसा बोलत होता.

तो उठला, खुर्ची उचलून वॉचमनच्या जागेवर ठेवून आला आणि आत गेला. मी पाना-किल्ल्या दाराशी काढून त्याच्या मागे गेलो. त्यानं लेसर झाकला होता, फक्त पडदा उजळलेला. त्यानं वजाबाकीची ओळ शोधली, थोडा वेळ तशीच ठेवली, आणि काढली. रजेनंतरच्या दिवसांचे खड्डे बसल्या जागी भरून आले. पण तो तिथे थांबला नाही. यंत्रानं मोजलेलं सगळं कच्चं जसंच्या तसं साठवलेलं असतं, वजाबाकी फक्त दाखवताना होत असे. त्यानं मागचं वर्ष उघडलं. मग त्याच्या मागचं.

सरळ रेघेवर दुपारमागून दुपार फुगे उभे राहिले. सगळे एका उंचीचे, पण लांबीला वेगवेगळे. काही छोटे, काही लांब. तो एकेक बघत होता. मला आधी कळलं नाही, मग कळलं, की फुग्याची लांबी म्हणजे वहिनी किती वेळ बसल्या होत्या ते. रोज दार उघडल्यावर त्यांनी जे सांगितलं होतं, ते रोजच खोटं होतं आणि खरं काय ते हिऱ्याकडे होतं.

एक फुगा बाकीच्यांच्या कितीतरी पटीनं लांब होता, दुपार टळून जाईपर्यंत गेलेला. पुटपुटे त्याच्यापाशी थांबला. त्यानं बोट पडद्यावर ठेवलं. त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं, तो म्हणाला. कशावरून ते आठवत नाही. मोजणी वेळेवर संपली होती, पण मी मुद्दाम दिवा चालू ठेवून आत बसून राहिलो. म्हटलं, निघून जाईल. मग दार उघडलं तर उभी होती, डबा घेऊन.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

‘आत्ताच आले म्हणाली,’ तो म्हणाला, आणि पडद्याच्या कडेला कपाळ टेकून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. माझेही डोळे वाहत होते आणि त्याची मला लाज वाटली नाही.

पाहुणे येऊन गेले. दुपारची रेघ सरळ होती, त्यांना पटलं, खोली राहिली. जुन्या फुग्यांचं काय करायचं, मॅडमनी विचारलं. पाहिजे तर अहवालात वजा करून देऊ, म्हणाल्या. पुटपुट्यानं त्यांना सांगितलं की ते राहू द्या, त्यांचं कारण माहीत आहे. कारण काय ते सांगितलं नाही, आणि त्याचा चेहरा बघून मॅडमनीही विचारलं नाही.

आता तो बारा वाजले की मोजणी कुठेही असली तरी थांबवतो. दिवा बंद करतो, दार उघडतो, रिकाम्या कॉरिडॉरकडे एकदा बघतो आणि डबा घेऊन खाली माझ्याकडे येतो. लेथशेजारच्या बाकड्यावर आम्ही जेवतो. तो अजूनही बोलत नाही म्हणा ना. पण एक वाक्य रोज विचारतो, फार वेळ थांबलास का. माझी सुट्टी त्याच्या आधी होते. मी डबा समोर ठेवून, पोटात कावळे ओरडत असताना, घड्याळाकडे बघत बसलेला असतो.

‘नाही रे,’ मी म्हणतो, ‘आत्ताच हात धुतले.’